तपकिरी नाल

काचपट्टी खाली सरकवायची नाही, हे ताईला सव्वीस वर्षं माहीत होतं. आणि मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तिनं ती सरकवली.

नियम तसा सोपा. तपासणीच्या प्रत्येक काचपट्टीवर मांसाचे दोन तुकडे असतात, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. वरचा कंट्रोलचा, म्हणजे ज्याच्यात आपल्याला हवं ते प्रथिन आहे हे आधीच ठाऊक आहे असा कुणाचा तरी जुना तुकडा. तो तपकिरी झाला की रंग नीट चढला असं समजायचं. खालचा तुकडा पेशंटचा. लॅबमधल्या टेक्निशियननं मायक्रोस्कोपखाली वरचा बघायचा, पट्टी ट्रेमध्ये ठेवायची आणि ट्रे डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन द्यायचा. खालचं डॉक्टर बघतात. ही शिस्त ताई दुसऱ्यांना शिकवायची, आणि शिकवताना आवाज असा लावायची की नवशिक्यांची पाचावर धारण बसायची.

पण आज खालचा तुकडा दादाचा होता.

पट्टीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. तो वहिनीनं परवा फोनवर चिठ्ठी बघून वाचून दाखवला होता, शेवट चारशे सतरा. नात्यातल्या कुणाचा नमुना आला तर मोठ्या मॅडमना सांगायचं आणि बाजूला व्हायचं, हाही नियमच. पण ताईच्या जोडीची टेक्निशियन बाळंतपणाच्या रजेवर. सांगितलं असतं तर नमुना बाहेरच्या लॅबला गेला असता आणि आठवडा खाल्ला असता. ताईनं सांगितलं नाही. स्वतःच दादाचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा कापायच्या यंत्राला लावला, कोमट पाण्यावर तरंगणारी मेणाची पट्टी ब्रशनं अलगद उचलून काचेवर घेतली, रंग चढवला. एकदा चोरी पचली की दुसरीला हात धजावतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. तीस वर्षं शिकवतोय. अर्धं गाव त्याच्या हाताखालून गाडी शिकलेलं, आणि उरलेलं अर्धं त्याच्या शिकाऊ गाडीला बघून फुटपाथवर चढलेलं. शिष्यावर तो कधी ओरडायचा नाही. शिष्यानं घोळ घातला की नाकानं एक लांब श्वास घ्यायचा, आणि आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा. त्याच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक मास्तरच्या.

सख्खी बहीण मात्र तीनदा परीक्षेत नापास. तिन्ही वेळा एकाच जागी, चढावर. चढावर गाडी थांबवली आणि पुन्हा काढायची म्हटलं की ताईचं लक्ष रस्त्यावर राहायचंच नाही. ती दादाच्या पायाकडे बघायची, त्याचा पाय ब्रेकवर आहे ना म्हणून. परीक्षेत शेजारी दादा नसायचा, परका इन्स्पेक्टर असायचा, आणि गाडी मागे घसरायची. "तुला पास करून मगच मरेन, चिमे," दादा म्हणायचा, "म्हणजे मला मरणच नाही." या वाक्यावर घरात वर्षानुवर्षं सगळे हसायचे. गेल्या महिन्यापासून कुणी हसत नव्हतं.

कारण मास्तर सहा महिने पोटदुखीला ॲसिडिटी म्हणत राहिले, आणि शेवटी दुर्बीण घातली तेव्हा जठरात गाठ निघाली. यकृतावरही दोन डाग. म्हणजे ऑपरेशनचं नाव काढायला नको. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, नेहमीची औषधं सुरू करू, पण त्याआधी एक प्रथिन बघायचंय. हर-टू म्हणतात त्याला. पेशीच्या अंगावर असतं आणि पेशीला सारखं सांगत बसतं, वाढ, वाढ. असा रोग तापट असतो, पण त्याला वेसण घालायला एक वेगळं औषध आहे, ते नेमकं त्या प्रथिनावरच जाऊन बसतं. ते लागू पडलं तर माणसं बराच काळ हिंडती-फिरती राहतात, काही तर वर्षानुवर्षं. दर पाच-सहा जणांत एखाद्याच्या गाठीत ते प्रथिन सापडतं.

"आणि नसलं तर?" दादानं विचारलं होतं.

"मग नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे किती दिवस?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला. दादानं घरी येऊन एका पुठ्ठ्यावर 'गाडी विकणे आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मागच्या काचेला आतून चिकटवलं. नवे शिष्य घेणं बंद. महिनाभराचा कोर्स, मग परीक्षेची तारीख, अर्ध्यात सोडून कसं चालेल, म्हणाला.

तर दहा वाजून पाच मिनिटांनी ताईनं पट्टी दोन बोटं खाली सरकवली आणि डोळा लावला.

तपकिरी. जठराच्या ग्रंथी ओळीनं उभ्या, आणि एकेका पेशीच्या दोन बाजू आणि बूड ठळक तपकिरी रेषेनं आखलेलं, वरचं तोंड मोकळं. घोड्याचे नाल. एकाला लागून एक, एकाला लागून एक, सगळ्या घोळक्यात नुसते नालच नाल. जुने डॉक्टर निवृत्त व्हायच्या आधी असा तुकडा दिसला की ट्रेसकट ताईला बोलवायचे आणि म्हणायचे, हे बघा, नशीब काढलं कुणीतरी. त्या वेळी पट्टी त्यांनी सरकवलेली असायची, म्हणून ते चालायचं.

ताईनं पट्टी ट्रेमध्ये ठेवली, ट्रे नव्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. आनंदानं तिला दम लागला होता. दादा वाचणार असं नाही, पण दादाला दिवस मिळणार. तिनं फोन काढला, वहिनीचं नाव शोधलं, आणि फोन परत खिशात टाकला. अहवालाआधी सांगणं म्हणजे आपण होऊन आपलं पाप बोलून दाखवणं. एकच दिवस तर काढायचा, तिनं स्वतःला समजावलं. त्या दुपारी तिनं डबा उघडला तो तसाच मिटला.

बुधवारी अहवाल आला. चारशे सतरा, तीनपैकी गुण एक. निगेटिव्ह.

तिनं तो तीनदा वाचला. मग तडक नव्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. हे डॉक्टर तीन महिन्यांपूर्वी आलेले, हुशार, मेहनती, आणि स्वभावानं इतके सरळ की त्यांच्याशी भांडायचीही सोय नाही. आधीची पाच वर्षं स्तनाच्या कॅन्सरच्या हॉस्पिटलात काढलेली.

"सर, चारशे सतरा परत बघाल?"

"का हो ताई? रंग बिघडलाय का?"

"रंग छान आहे. तुम्हीच बघा."

त्यांनी खरंच पट्टी काढली. त्यांच्या मायक्रोस्कोपला समोरासमोर दोघांना बसायची सोय होती. ताई समोर बसली.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "रेष आहे, पण अर्धवट. पेशीभोवती पूर्ण कडं हवं. अर्ध्या कड्याला मी जास्तीत जास्त एक देतो. आता वर बघा, तुमचा कंट्रोल. कसं गोल कडं आहे, बांगडीसारखं. असं दिसलं तर तीन."

ताईनं वर बघितलं. खरंच, गोल गोल बांगड्या. आणि त्या बांगड्या तिनंच तिथं बसवल्या होत्या.

तीन महिन्यांपूर्वी जठराच्या कंट्रोलचा ठोकळा कापून कापून संपला. जुन्या साठ्यातून नवा शोधायला दोन दिवस गेले असते आणि कामाचा तर ढीग पडलेला. हाताशी स्तनाच्या गाठीचा ठोकळा होता, तेच प्रथिन, रंग तोच. कंट्रोल काय, रंग चढला की नाही एवढंच सांगायला, असं म्हणून तिनं तो लावून टाकला. स्तनातल्या पेशीला हे प्रथिन चहूबाजूंनी असतं, म्हणून कडं पूर्ण उमटतं. जठरातल्या पेशीचं तोंड पोकळीकडे उघडं असतं, त्या बाजूला रंग येतच नाही, म्हणून नाल. जठरात नाल दिसला तरी पूर्ण गुण, हा निराळा नियम आहे, आणि डॉक्टरांनी तो कधीतरी पुस्तकात वाचलाही असणार. पण पाच वर्षांची सवय बांगड्यांची, आणि रोज पट्टी लावली की पहिल्यांदा नजरेला पडणार त्या ताईनं मांडलेल्या बांगड्याच. नजर तिथं घासून खाली आली की नाल तोकडे दिसणारच.

"सर, हे जठर आहे," ताई म्हणाली. "इथं नाल चालतो. जुने सर नालाला तीन द्यायचे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग एकदम तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, पण तुम्ही खालचा तुकडा बघितलात कशाला?"

खाई त्याला खवखवे. ताईचा चेहरा बघूनच त्यांना निम्मं कळलं असावं.

"हा माझ्या भावाचा आहे," ती म्हणाली.

"मग तुमच्या डोळ्यांवर मी कसा विश्वास ठेवू?" हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते ताईला जास्त लागलं. "तुम्हाला तपकिरी दिसायलाच हवंय. आणि आता तुम्ही सांगितल्यावर माझ्याही डोळ्यांवर विश्वास नाही. जे सांगितलं तेच मला दिसणार."

त्यांचं चुकत नव्हतं. हेच तर कठीण होतं.

ताई उठली आणि साठ्याच्या खोलीत गेली. लोखंडी कपाटं छतापर्यंत, खणाखणांतून वर्षावर्षाच्या पट्ट्या उभ्या लावलेल्या. तिनं जुन्या डॉक्टरांच्या वेळचे दोन नमुने काढले, ज्यांना तीन गुण मिळाले होते आणि ज्यांचं निदान नंतर जनुकाच्या चाचणीनंही पक्कं झालं होतं. मग गेल्या तीन महिन्यांतले जठराचे सगळे निगेटिव्ह काढले. दादाचा धरून दहा भरले. दहा. आतापर्यंत ती एका दादासाठी धावत होती, आणि इथं त्याच्याबरोबर आणखी नऊ जण ट्रेमध्ये उभे होते, आणि त्यांची बहीण लॅबमध्ये नव्हती.

मोठ्या मॅडमच्या खोलीत ती ट्रे घेऊनच शिरली. मॅडम विभागाच्या प्रमुख, बोलायला कमी, ऐकायला पक्क्या. ताईनं एका दमात सगळं सांगितलं. नमुना दादाचा, आपण कापला, सांगितला नाही, खालचं बघितलं, आणि कंट्रोलचा ठोकळा बदलला तोही न विचारता. काही हातचं ठेवलं नाही. शेवटी म्हणाली, "माझं काय करायचं ते करा मॅडम, पण आधी या बारा पट्ट्या बघा. कुणाची कुठली हे तुम्हालाही कळायला नको, सरांनाही नको आणि मलाही नको."

मॅडमनी मग बाहेरच्या क्लार्कला बोलावलं. हा क्लार्क टाइपिंगमध्ये पटाईत, पण पेशी आणि पोळी यांतला फरक त्याला विचारू नये. त्याला सांगितलं, या बारा पट्ट्यांचे नंबर आणि वरचे कंट्रोल चिकटपट्टीनं झाका, पत्त्यांसारख्या पिसा, नवे आकडे घाला, आणि कुठला आकडा कुणाचा ते कागदावर लिहून कागद खिशात ठेवा. क्लार्क म्हणाला, "एवढंच ना?" आणि अर्ध्या तासानं इतका ऐटीत परत आला, जणू बँकेची तिजोरीच त्याच्या खिशात होती.

मॅडम आणि नवे डॉक्टर समोरासमोर बसले. जठराचा नियम मॅडमनी एकदा मोठ्यानं म्हटला: नाल धरायचा, आणि पाच पेशींचा घोळका ठळक असला तरी पुरे. ताई भिंतीपाशी वही घेऊन उभी राहिली. प्रत्येकानं आपापला गुण चिठ्ठीवर लिहायचा, न बोलता, आणि मग ताईनं दोन्ही चिठ्ठ्या वाचून वहीत उतरवायच्या.

पहिली. शून्य, शून्य. दुसरी. शून्य, एक. तिसरीला डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. चिठ्ठ्या आल्या. तीन, तीन.

ही कदाचित जुन्यातली असेल. असणारच, तिनं स्वतःला बजावलं. चौथी, पाचवी, सहावी, शून्याच्या पुढे कुणी जाईना. सातवी तीन, तीन. दोन जुन्या झाल्या, संपलं, असं तिचं मन म्हणालं. आपणच चुकलो होतो. आपल्याला हवं ते आपल्याला दिसलं. आठवी, एक, एक. नववी. डॉक्टरांनी बराच वेळ लावला, लिहिलं, खोडलं नाही. तीन, तीन. आता दादा असू शकतो. दहावी शून्य. अकरावी शून्य. बारावीला मॅडमनी पट्टी इकडून तिकडे फिरवली, परत मागे आणली आणि पहिल्यांदाच तोंडानं "अरेच्चा" म्हणाल्या. तीन, तीन.

चार निघाल्या. जुन्या दोन. उरल्या दोन.

क्लार्कनं खिशातून कागद काढला आणि घसा साफ केला. ताईला वाटलं, याचा घसा आज साफ होतच नाही. "तिसरी, जुनी. सातवी, गेल्या महिन्यातली, शेवट दोनशे नव्वद. नववी, जुनी. बारावी..." त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, "शेवट चारशे सतरा."

ताई मटकन खाली बसली. खुर्ची होती म्हणून बरं, नसती तरी ती बसलीच असती. ती रडत होती आणि हसतही होती, आणि क्लार्क गोंधळून कागद परत परत बघत होता, आपण काही चुकीचं वाचलं की काय म्हणून.

नवे डॉक्टर मात्र उठून फायली चाळायला लागले होते. "दोनशे नव्वद," ते म्हणाले. "चौतीस वर्षांची बाई. नेहमीची औषधं सुरू झाली आहेत, पण उशीर झालेला नाही." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "तिच्या डॉक्टरांना फोन मी करतो. मी चुकीचं वाचलं असं मीच सांगतो." फोनवर त्यांनी एक शब्दही गिळला नाही. ताईला त्या क्षणी ते फार आवडले.

मॅडमनी सुधारलेल्या अहवालांवर सही केली आणि मग ताईकडे वळल्या. "लेखी खुलासा द्यायचा. तो तुमच्या फाइलला लागेल. भावाच्या नमुन्याला यापुढे हात लावायचा नाही. जठराचा नवा कंट्रोल उद्या सकाळी टेबलावर पाहिजे. आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही. त्यांचे डॉक्टर त्यांना सांगतील."

"हो मॅडम."

"आणि ताई, बरं झालं तुम्ही पट्टी सरकवलीत. हे मी खुलाशात लिहिणार नाही."

सव्वीस वर्षांतला पहिला लेखी खुलासा ताईनं लग्नाची आमंत्रणं लिहावीत तशा उत्साहानं लिहिला. मग संध्याकाळी दादाकडे गेली, कारण घरी बसवेना.

तोंड बंद ठेवणं हे तिच्या रक्तातच नव्हतं. ती कारण नसताना हसत होती, भांडी घासलेली असताना परत घासत होती. वहिनी म्हणाली, "वन्सं, बरं आहे ना?" ताई म्हणाली, "छान आहे," आणि कप फोडला. दादा खिडकीशी बसून तिच्याकडे बघत होता. महिन्यात त्याचा सदरा दोन मापांनी मोठा झाला होता. "गाडीला गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. "परवा येऊन नेतो म्हणालाय."

"देऊ नकोस," ताई पटकन बोलून गेली.

"का?"

"का म्हणजे... माझी परीक्षा राहिली आहे ना."

दादानं नाकानं लांब श्वास घेतला. त्याला तिची लॅब ठाऊक होती, आणि तिचा चेहराही एकोणपन्नास वर्षं ठाऊक होता. तेवढ्यात फोन वाजला. तो "हो" म्हणाला, "हो डॉक्टर" म्हणाला, "परत एकदा सांगा" म्हणाला, आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. वहिनी ओला हात पदराला पुसायचा विसरून दारात उभी. फोन ठेवून दादा म्हणाला, "ते प्रथिन आहे म्हणे माझ्यात. आधीचा कागद चुकला होता. शुक्रवारी नऊ वाजता पहिली सलाइन." मग ताईकडे वळला. "गाडी तू चालवायची, चिमे."

शुक्रवारी वहिनी मागे बसली, मांडीवर डबा आणि फाइल. मागच्या काचेचा पुठ्ठा तसाच होता, काढायला कुणाला सुचलं नव्हतं. ताईनं सगळे रस्ते व्यवस्थित घेतले, दोन सिग्नल, एक चौक, एक उलट्या बाजूनं आलेला सायकलवाला. दादा काही बोलला नाही, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. मग हॉस्पिटल आलं.

हॉस्पिटलच्या पोर्चला चढ आहे. ताई रोज पायी चढते, तेव्हा तो चढ वाटत नाही. अर्ध्यावर पोचली आणि पुढची रुग्णवाहिका थांबली. ताईनंही थांबवली. मागे एक मोटार येऊन चिकटली. रुग्णवाहिका हलली, मागच्यानं हॉर्न दिला. सवयीनं तिनं दादाच्या पायाकडे बघितलं.

पाय ब्रेकवर नव्हता. चपला खाली होत्या आणि दादा दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मस्त मांडी घालून बसला होता.

"दादा, पाय खाली घे."

"घेत नाही."

"अरे, गाडी मागे जाईल."

"गेली तर परत आणू. तुझी चौथी परीक्षा घेऊ, पाचवी घेऊ. परवा माणसाला सांगितलं मी, गाडी विकायची नाही." तो समोर बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. "आता बघ पुढं, आणि क्लच हळू सोड."

ताईनं पुढे बघितलं. क्लच हळू सोडला. गाडी एकदा थरथरली, आणि वर चढली.